डबल पलंग

जुनं सामान मागायला आला की तो आमच्या दारात उभ्याउभ्याच बोलतो आणि सारखा या पायावरून त्या पायावर भार देत राहतो. सिंधमधून यवतमाळला येणाऱ्या निर्वासित कुटुंबांना खोल्या सामानासकट लावून देणाऱ्या एका संस्थेत तो काम करतो.

मागच्या हिवाळ्यात त्याने पलंग मागितला. एक बाई दोन लेकरांना घेऊन आली होती; नवऱ्याचा व्हिसा अडकला होता. मी सिंगल पलंग दाखवला.

"हा नाही, भाऊ. डबल पाह्यजे."

"खोली नऊ बाय आठची सांगून राह्यला तू. लेकरं झोपतीन कुठं? अन् नवरा नक्की येते काय?"

"मले काय माहीत? पण एकटीचा पलंग टाकला तर ते बाई समजून जाईन, का आपुन त्याची वाट पाहणं सोडलं."

मी आमचाच डबल पलंग दिला. नंतर भेटला की मी व्हिसाचं विचारायचो, तो "होऊन राह्यलं" म्हणत पुढे निघायचा.

परवा मात्र तो थांबला.

"भाऊ, पलंगावर कोणीच झोपत नाही. बाईनं चादर अंथरून ठेवली त्याच्यासाठी. तिघं खालीच. चुकलं काय माह्यं?"

ती तिघं किती जागेत झोपत असतील, ते मला फुटांत सांगता आलं असतं. मी म्हणालो, "राहू दे पलंग."