व्याख्येत बसणारे

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात एक आजोबा शर्टाचं बटण लावत होते. व्यवस्थापक येताना दिसले तसा त्यांनी थरथरता हात झटकन खिशात घातला. मला कळेना. मग आत्याच्या प्रवेशाचा करार वाचला. ‘ज्येष्ठ म्हणजे वयाची साठ वर्षे पूर्ण केलेली व स्वतःची सर्व कामे स्वतः करू शकणारी व्यक्ती. तशी न राहिल्यास प्रवेश रद्द.’ म्हणजे म्हातारे व्हा, पण म्हातारपण येऊ देऊ नका! कुठल्या निर्लज्जाने लिहिलं हे?

“नेहमीचंच आहे हो,” व्यवस्थापक म्हणाले.

“आत्या, ऊठ. घरी जाऊ.”

“गप्प बस. तुझे तीन जिने कोण चढणार?” आत्या म्हणाली. व्यवस्थापक फोन घ्यायला वळले, तेवढ्यात तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि सही उरकली.