मिलिंदच्या रजेच्या तारखा

मिलिंद खिल्लारे यांच्या निधनाचा निरोप सकाळी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर आला. मृत्यूची बातमी दोन ठिकाणांहून पक्की केल्याशिवाय घ्यायची नाही, ही आमच्या दैनिकातली जुनी शिस्त. त्या सवयीने मी आधी त्याच्या घरी फोन लावला. धाकट्या भावाने उचलला. "खरं हाय. झोपेतच…" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मग मी त्याच्या गल्लीत राहणाऱ्या आमच्या वितरकाला फोन केला. तोही मिलिंदच्या दारात उभा होता. बातमी पक्की झाली. दुपारनंतर त्याच्यावरच्या चार ओळी मलाच लिहायच्या होत्या. पदाच्या जागी 'संगणक विभागप्रमुख' लिहिलं. 'विश्वासू सहकारी' हे शब्द मालकांनी सांगून घालायला लावले. ते शब्द टाइप करताना मी थबकलो… कारण याच मालकांनी मिलिंदला चोर ठरवलं होतं. उघडपणे नव्हे, पण कार्यालयातल्या प्रत्येकाला कळेल इतपत.

मिलिंद मूळचा ताडकळसचा. परभणीत पदविका घेतली, पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि आईसाठी परत आला. आमच्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक मोठा संगणक होता आणि त्याच्या पोटात चालणारे तीन-चार आभासी संगणक. पानं एकावर, जाहिराती दुसऱ्यावर, जुने अंक आणि छायाचित्रं तिसऱ्यावर. असल्या संगणकाची डिस्क ही हातात धरता येणारी वस्तू नसते. ती एक भली मोठी फाईल असते आणि ती किती वाढू द्यायची हे आधी ठरवलेलं असतं. हे सगळं तो सांभाळायचा. स्वभावाने संशयी. संदेश पडद्यावर आला म्हणून काम झालं, असं तो कधी धरायचा नाही. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, काय चाललंय हे विचारलं तर "चालू हाय" इतकंच. माणसांना हे आवडत नसे. मलाही त्याने एकदा तोंडावर सुनावलं होतं, "तुमाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत जिंतूरला कळतंय."

एका निवडणुकीच्या तोंडावर तिसऱ्या संगणकाची जागा संपली. जिंतूर, झरी, ताडकळस, सगळीकडून छायाचित्रं येत होती आणि एकही साठवलं जात नव्हतं. मिलिंदने मालकांना सांगितलं, काळजी करू नका, मूळ यंत्रावर जागा आहे, डिस्कची मर्यादा तेवढी वाढवतो. जेवणाच्या सुटीत होणारं काम. पण मर्यादा बदलण्याचा रकाना करडा पडलेला होता, बोट लावू देत नव्हता. कारण शोधताना त्याला स्नॅपशॉटची यादी सापडली. स्नॅपशॉट म्हणजे यंत्राची त्या क्षणीची अवस्था गोठवून ठेवलेली प्रत. एक घेतला की मूळ फाईल तिथेच थांबते आणि पुढचे बदल नव्या फाईलमध्ये साठतात. दुसरा घेतला की तिसरी फाईल. आमच्या यंत्रावर अशी लांबलचक साखळी तयार झाली होती आणि ती असेपर्यंत डिस्क वाढणार नव्हती. मिलिंदने यातला एकही घेतला नव्हता. मात्र इतक्या वर्षांत ती यादी त्याने कधी उघडूनही पाहिली नव्हती. ही चूक त्याने त्याच दिवशी मान्य केली.

यानंतर जे घडलं ते वेळ वाईट होती म्हणून. त्याच्या थोडं आधी गावातल्या दुसऱ्या एका दैनिकात आमच्या संग्रहातलं जुनं छायाचित्र छापून आलं होतं. ते तिकडे कसं गेलं, याचा शोध सुरू होता. अशात आमच्या यंत्रावर संपूर्ण संग्रहाच्या गुपचूप घेतलेल्या प्रती आहेत, असं कार्यालयात पसरलं. स्नॅपशॉट ही बाहेर नेता येईल अशी वेगळी प्रत नसते, हे मिलिंदने समजावलं. पण 'प्रत' हा शब्द लोकांच्या कानात बसला होता. त्यात त्याने बाहेरची मोठी डिस्क मागितली. साखळी एकत्र करताना मधली एक फाईल जरी बिघडली तरी त्यापुढचे सगळे अंक जातील, म्हणून आधी सगळं उतरवून घ्यायचं, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. मालकांनी ते ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे अख्खा संग्रह तुझ्या हातात द्यायचा?"

मग त्याने तारखा पुढे केल्या. प्रत्येक स्नॅपशॉट दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा होता. त्या दिवसांत मिलिंद दर वर्षी रजेवर असे. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी तो आईला घेऊन नागपूरला जायचा, हे कार्यालयात सर्वांना माहीत होतं. त्याला वाटलं, आता विषय मिटला. मालक म्हणाले, "रजेवर असतानाच करशील की. इथं बसून कोण करतंय?" बाहेरून यंत्राला जोडण्याची सोय होती आणि ती फक्त मिलिंदकडे होती. म्हणजे जो पुरावा त्याला सोडवणार होता, तोच त्याच्या अंगावर आला. डिस्क आली. तिच्यावर सगळं उतरवताना आमचे व्यवस्थापक शिवमूर्ती अप्पा खोलीत खुर्ची टाकून बसले. मालकांनीच बसवलं होतं. त्यांनी लक्ष ठेवायचं होतं.

साखळी एकत्र झाली. एकही अंक गेला नाही. रकाना मोकळा झाला, मर्यादा वाढली आणि तरीही आतल्या यंत्रात जागा जुनी तेवढीच दिसत होती. मालक स्वतः खोलीत आले. दिलेली जागा गेली कुठे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. डिस्क वाढली तरी तिच्यावर पूर्वी आखलेले भाग आपोआप वाढत नाहीत. आणि आमच्या भागाला लागून यंत्राने स्वतःच्या वापरासाठी राखलेला एक छोटा भाग होता, नवी जागा त्याच्या पलीकडे पडली होती. मिलिंदने हे आपल्या भाषेत सांगितलं. "साहेब, वावर वाढलंय. पण आपला बांध जुन्या जागीच हाय, अन् मधी दुसऱ्याची पट्टी हाय."

"कुणाची?" मालकांनी विचारलं.

खोलीतले दोघे-तिघे हसले. मिलिंद हसला नाही. त्याने तो छोटा भाग काढून शेवटी नेऊन बसवला, आमचा भाग ताणला, फाईलव्यवस्थेला नवी हद्द कळवली आणि आकडा बदलल्याचं मालकांना दाखवलं. ते मान हलवून निघून गेले. छायाचित्र कुणी दिलं, हे आजही कळलेलं नाही. मिलिंदवर काही कारवाई झाली नाही. बाहेरून जोडण्याची सोय मात्र काढून घेतली गेली आणि रजेवर जाताना त्याला मालकांना भेटून जावं लागे. तो प्रत्येक वेळी गेला.

शोकसभेनंतर अप्पांनी मला जिन्याखाली थांबवलं. अप्पा शिवभक्त घरातले, कपाळावरची विभूती कधी चुकत नाही, नोकरीचं शेवटचं वर्ष. म्हणाले, "खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यंत्रं बंद करून पूजा घालतो ना आपण. ते कोण बंद करतंय? मीच." यंत्रं बसवून देणाऱ्या माणसाने त्यांना पहिल्याच वर्षी बंद करण्यापुरता वेगळा पासवर्ड देऊन सांगून ठेवलं होतं, की बंद करण्याआधी त्या कॅमेऱ्याच्या चित्रावर दाबा, मग काही बिघडलं तरी परत आणता येतं. सल्ला चुकीचा नव्हता. नंतर ते काढून टाकायचं असतं, हे मात्र तो बोलला नव्हता. अप्पांनी दर वर्षी श्रद्धेने कॅमेरा दाबला, म्हणजे एक स्नॅपशॉट घेतला, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला.

मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं? अप्पा म्हणाले, "मालक विचारायले होते, चोरी कोणी केली. मी चोरी केली नव्हती." थोड्या वेळाने पुढचं आलं. मिलिंदला ते कळलं होतं. अप्पा लक्ष ठेवायला बसले असतानाच त्याने विचारलं होतं, अप्पा, पूजेच्या आधी तुमी काय दाबता? अप्पांनी बोट ठेवून दाखवलं. मिलिंद हसला आणि म्हणाला, "आता दाबू नका. अन् मी सांगितलं तर म्हाताऱ्यावर ढकललं म्हणतील. तुमी सांगा." ते अप्पांनी सांगितलं नाही… मिलिंदनेही पुन्हा कधी विचारलं नाही.

ऐकलेलं तसंच लिहायचं नाही, म्हणून मी पडताळणी करायला गेलो. काही सापडलं नाही. साखळी नीट एकत्र झाली की यादी रिकामी होते, जुन्या प्रतींचा मागमूस उरत नाही. मिलिंदने काम चोख केलं होतं, त्यामुळे त्याच्या बाजूने दाखवण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं. उरला तो अप्पांचा शब्द. मी अप्पांना घेऊन मालकांकडे गेलो. अप्पांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मालकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, तारीख विचारली नाही, पुरावा मागितला नाही. "अप्पा, तुमी म्हणता म्हंजे तसंच असंल," म्हणाले आणि चहा मागवला. अप्पांनी तो घेतला नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "लिहा तुमी. माझं नाव घालून लिहा." म्हणून हे लिहिलं.

मागच्या खोलीत आता नवा माणूस आला आहे. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, टेबल असं उलटं का लावलंय? त्या प्रकारानंतर मिलिंदने स्वतः ते फिरवून घेतलं होतं. पाठ दाराकडे, पडदा काचेतून बोळाकडे, येता-जाता कुणालाही तो काय करतोय हे दिसावं म्हणून. दुपारी खिडकीचं ऊन थेट पडद्यावर यायचं. तो डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून काम करायचा. नव्या माणसाने दुसऱ्या दिवशी टेबल फिरवून भिंतीला लावलं. त्याचा पडदा आता बाहेरून दिसत नाही. त्याला कुणी काही विचारलेलं नाही.