गाझियाबादच्या भावजींची चाकं

ये ग, अशी जवळ येऊन बस. आणि तो फोन आधी पालथा ठेव. गुरगावहून मेट्रोत बसलीस की दुपारच्या चहाला माझ्या दारात असतेस, तरी तुझं येणं दिवाळी ते दिवाळी. आणि आल्याआल्या विचारतेस काय, तर "आजी, गाझियाबादच्या आजोबांना होडीचं वेड लागलंय म्हणे." वेड म्हणायचं नाही. आधी सगळं ऐकून घे, मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझे हे गाझियाबादचे आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भावजी. चाकावर एवढी श्रद्धा असलेला माणूस साऱ्या दिल्लीत दुसरा मिळायचा नाही. त्यांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या, एक चाकं असलेल्या आणि दुसऱ्या चाकं बसवायच्या राहिलेल्या. नोकरी सगळी सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली, पण मन रमायचं ते रविवारच्या कबाडी बाजारात, जुन्या भंगारात. त्यांच्या घरात गॅसचा सिलिंडर चाकांवर, पिठाचा डबा चाकांवर, शिवणाचं मशीन चाकांवर. तुळससुद्धा सुटली नाही. दिल्लीच्या थंडीत ऊन गॅलरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकतं, म्हणून भावजींनी जुन्या कूलरच्या ट्रॉलीवर तुळशीची कुंडी ठेवली आणि ती उन्हामागून फिरवायला लागले. माझी जाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली की आधी तुळस कुठे आहे ते शोधायची. "ताई, आमच्याकडे तुळशीला प्रदक्षिणा घालावी लागत नाही," ती मला म्हणायची, "तीच आम्हाला घालते."

एका वर्षी त्यांनी गणपतीच्या चौरंगाला चाकं लावली. का, तर खालून केर काढायला बरं. बिल्डरच्या फ्लॅटची फरशी, तिला मोरीकडे उतार. आरती रंगात आली, टाळ्यांचा ठेका धरला, आणि गणपती निघाले की हळूहळू स्वयंपाकघराकडे. आम्ही सगळे हात जोडून, आरती न तोडता, त्यांच्या मागे. भावजींनी शांतपणे चाकाला पाऊल आडवं लावलं आणि घंटा वाजवत राहिले. प्रसादाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणतात, "ब्रेक तेवढा राहिला, वहिनी. बाकी चाल बघितलीत ना, किती मऊ होती?"

आणि तो पाना. लोक कुर्त्याच्या खिशात रुमाल ठेवतात, हे पाना ठेवतात. कोणाकडे गेले की चहा यायच्या आत यजमानांच्या खुर्च्या हलवून बघतात आणि ढिला नट दिसला की खाली बसून आवळतात. माझ्या भाच्यासाठी आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली तेव्हा भावजी टेबलाखाली. बाहेर येऊन हात झटकत म्हणाले, "आता हलायचं नाही." मुलीच्या वडलांनी तेवढ्यावर साखर वाटायला काढली. आता हा आवळण्याचा गुण चांगलाच, पण त्यांनी आवळलेलं त्यांच्याशिवाय कोणाच्यानं सुटत नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं की जाऊ ती बरणी घेऊन शेजारच्या सरदारजींकडे जाते. एवढं ध्यानात ठेव, पुढे कामाला येईल.

आता होडीकडे येते. माझी जाऊ कोकणातली, खाडीकाठची. तिच्या माहेरी जायचं तर होडीतून पलीकडे जावं लागायचं. शाळेत होडीतून, बाजाराला होडीतून, लग्न होऊन निघाली तीही होडीतून. नंतर आली ती दिल्लीत, जिथे पाणी टँकरनं येतं. कधी काही मागितलं नाही बिचारीनं. गुडघे पार गेले, तेव्हा एकदा माझ्यापाशी बसून वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "ताई, होडीत बसायचं तेवढं राहूनच गेलं बघा. आता तिकडे पूल झालाय, होड्या बंद झाल्या." मी हो हो म्हटलं आणि वाटाण्याचे दर विचारले. भावजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपरही खाली केला नाही.

पुढच्या रविवारी कबाडी बाजारातून नारिंगी रंगाची रबरी होडी आली. हवा भरायची, छोटी, दोन ठिगळं लावलेली, मागच्या बाजूला लाकडी फळी. जाऊ कितीतरी वेळ तिच्याकडे नुसती बघत राहिली. पाणी कुठे आहे तेही भावजींनी हेरून ठेवलं होतं. वजिराबादच्या वर, पल्ला नावाच्या गावाकडे, यमुना अजून निवळ आहे. मी लगेच म्हटलं, चलो, झालं काम. पण पल्ल्याला रस्ता संपतो तिथून पाण्यापर्यंत नुसती रेती, काकड्या-खरबुजांच्या वाड्यांच्या कडेनं पसरलेली. जिला गॅलरीतून मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागते ती रेतीतून कशी चालणार? मी म्हटलं, चार माणसं लावू, खुर्चीत बसवून नेऊ. जाऊ एकदम ताठ झाली. "मला उचलून नेणार असाल तर मी येत नाही. मी काही अजून सामान झाले नाही."

झालं. भावजींचे डोळे लकाकले. तिला रस्त्यावरच होडीत बसवायचं आणि होडीच चालवत पाण्यापर्यंत न्यायची. म्हणजे होडीला चाकं हवीत. मला तर वाटतं, त्या माणसानं जन्मभर तुळशीला नि सिलिंडरला चाकं लावली ती याचीच तालीम होती.

पण रेती म्हणजे फरशी नव्हे. सोसायटीत कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, त्यामुळे गेटाशी रेतीचा ढीग होता. भावजींनी तो पसरला आणि त्याच्यावर प्रयोग मांडले. होडीत माणसाऐवजी गव्हाची पोती. आधी तुळशीखालची कूलरची चाकं काढून लावली, ती जागच्या जागी गडप झाली. मग सायकलची, मोठी. ती रेतीत अशी उतरली जशी श्रीखंडात सुरी. मग कुठल्याशा स्ट्रेचरची आणली, ती एवढी किंचाळायची की कुत्री पळून गेली. चौकीदार रोज स्टूल घेऊन बघायला बसे. एक दिवस त्यानं अदबीनं विचारलं, "अंकलजी, बाकी सब ठीक है, पर पानी कहाँ है?"

"पानी अपनी जगह पे है," भावजी म्हणाले. "पहुँचना हमारा काम है."

होडीतली पोती जाऊला खिडकीतून दिसायची. तिसऱ्या दिवशी ती खाली ओरडली, "अहो, किती पोती ठेवलीत?"

"दीड."

"आणि मी काय दीड पोतं गहू आहे?"

"वजन विचारलं तर तू सांगत नाहीस. मग मी काय करू?"

खिडकी लागली. पण संध्याकाळी तिनंच मार्ग काढला. पोळ्या लाटता लाटता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, आमच्याकडे होडी वाळूवरून ओढताना खाली माडाचे ओंडके घालायचे. बारीक काठी वाळूत घुसते, ओंडका घुसत नाही. आणि लाटणं पोळीवरून फिरवून दाखवलं. भावजी ताट तसंच टाकून उठले. दुसऱ्या दिवशी भंगारातल्या स्कूटरची चार चाकं आली. दोन-दोन शेजारी जोडली, म्हणजे ओंडक्यासारखी रुंद झाली. हवा निम्मीच भरली, पायाखाली उशी असावी तशी. कांब आडवी घालून ती होडीच्या मागच्या फळीला बसवली, अशी की पाण्यात गेल्यावर एक नट सोडला की चाकं वर उचलून घेता यावीत. पोती मागे ठेवली, पुढचा दोर धरला आणि चालू लागले. चौकीदार स्टुलावरून उठून उभा राहिला. होडी रेतीवरून अशी चालली जशी म्हैस चालते, सावकाश, पण बिल्कुल थांबायची नाही.

फाल्गुनात आम्ही गेलो. तेव्हा भावजींच्या अंगात जोर होता. रस्त्याच्या कडेला पायपंपानं होडी फुगवली, जाऊला मोटारीतून उतरवून थेट होडीत बसवली, मागे, चाकांवर भार येईल अशी. भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर अर्धी चड्डी घातली होती. कुर्ता काढून माझ्या हातात दिला, दोर खांद्यावर घेतला आणि निघाले. जाऊ डोक्यावर पदर घेऊन ताठ बसली होती, एखाद्या संस्थानिकाच्या राणीसारखी. वाडीतल्या बायका काकड्या तोडायच्या थांबल्या. एकीनं विचारलं, "माताजी, कहाँ जा रही हो?" जाऊ म्हणाली, "मायके."

पाण्यापर्यंत कसं मऊ गेलो. आणि पाण्यात होडी अडली. स्कूटरच्या टायरांत हवा, ती कशी बुडणार? चाकं वर येऊ बघतात, होडीचा मागचा भाग उचलतात, पुढचं नाक पाण्यात. भावजी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून नट सोडायला गेले. नट कोणी आवळलेला? त्यांनीच. हातानं हलेना. खिशाकडे हात नेला, तर चड्डीला खिसा नाही. पाना कुर्त्यात, कुर्ता माझ्या हातात, आणि मी काठावर.

"वहिनी, पाना द्या."

मी देशावरची, विहिरीतसुद्धा लांबून डोकावणारी. म्हटलं, फेकते. "फेकू नका, बुडेल," दोघंही एकदम म्हणाले. जाऊनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की ती परत फिरायची तयारी करते आहे, जन्मभर करत आली तशी. मग मी चपला काढल्या, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचली आणि कुर्ता डोक्यावर धरून यमुनेत शिरले. पाणी बर्फासारखं. पाना हातात पडला, नट कुरकुरत सुटला, चाकं वर आली आणि होडी एकदम हलकी होऊन सपाट बसली.

भावजी आत चढले आणि वल्हं हातात घेऊन पाणी उडवायला लागले. होडी जागच्या जागी गोल फिरली. जाऊनं तीन गिरक्या सहन केल्या. मग म्हणाली, "सरका तिकडे. वल्हं द्या." आणि ती निघाली, ग. जिला भिंत धरून चालावं लागत होतं ती बाई अशी सरळ पाणी कापत गेली, की भावजी दोन्ही हातांनी कड धरून सामानासारखे गप्प बसले होते. पदर कधी खाली आला तिला कळलं नाही. मी मागे सरकून गुडघाभर पाण्यात ओल्या लुगड्यानं उभी होते, पण थंडी वाजल्याची आठवण नाही.

परतताना गाडीत भावजींनी एवढंच विचारलं, "चाकं कशी वाटली?" जाऊ खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "नट जरा कमी आवळत जा." पण तिचा हात त्यांच्या कुर्त्याच्या खिशावर होता, पाना आहे ना बघायला.

त्याला बरीच वर्षं झाली. पुढे दरवर्षी जायचं ठरलं होतं, पण कधी तिचा दवाखाना, कधी त्यांचा. आता भावजींना जिना चढला की श्वास लागतो. होडी एरवी गॅलरीत घडी करून ठेवलेली असते, तुळशीशेजारी. चाकांना मात्र ते दर रविवारी हवा भरतात, निम्मी. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा खाली रेतीवर होडीत पुन्हा पोती मांडलेली दिसली. मी म्हटलं, भावजी, आता कशाला? तर म्हणाले, "फळी रुंद केली आहे, वहिनी. बघतोय पेलते का." मी मोजली नाहीत, पण या खेपेला पोती दोघांच्या वजनाची होती. दोघंही आता बसायच्या बाजूचे झाले, हे त्यांनी मला तसं सांगितलं नाही.

चाकं तयार आहेत. दोर ओढायला तेवढं माणूस नाही. तू जिममध्ये जाऊन एवढाली लोखंडी वजनं उचलतेस, त्याचे फोटो मला पाठवतेस, ते खांदे कधी कामाला येणार? यंदा पाणी चांगलं आहे म्हणतात. पुढच्या रविवारी ये, आपण दोघी मिळून गाझियाबादला जाऊ. उशीर करू नकोस. आणि येताना खिशाची पँट घालून ये.