मशीनचा नैवेद्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण. ओळखणाऱ्यांना सांगायची माझी छाती नाही.

मी निवृत्त मास्तर. पॉलिटेक्निकमध्ये विजेचा विषय शिकवला, आणि निवृत्तीनंतर एक उद्योग धरला. कुणी म्हणालं, आपण स्वतःच्याच विजेवर चालणारा जनरेटर बनवलाय — डिझेल नको, ऊन नको, काही नको — की तिथे जाऊन त्याचं पितळ उघडं पाडायचं. कुठे टेबलाच्या पायातून वायर आलेली असते, कुठे खोक्यात बॅटरी दडवलेली. मग कॉलेजांतून त्यावर व्याख्यानं द्यायची. पोरं खिदळायची. जेवढी वीज काढाल तेवढी, किंबहुना थोडी जास्तच, आधी घालावी लागते — हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की आता त्याची शिसारी येते.

आणि असलाच एक जनरेटर आमच्या घरात होता. खाली, दुकानात.

माझा थोरला भाऊ, दादा, कसबा पेठेत विजेच्या जळालेल्या मोटारी नव्याने तार गुंडाळून रिवाइंड करायचा. खाली दुकान, वर घर. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्याच्या आणि वहिनींच्याच घरात राहिलो. दादाची नजर अधू झाली, दुकान बंद पडलं, आणि तो नुसता बसून राहायला लागला. मग मोबाइलवर कुठलेसे व्हिडिओ पाहून त्याने हे मशीन जोडलं. बॅटरीवर मोटर फिरणार, मोटरीच्या पट्ट्यावर जनरेटर फिरणार, तो घरात वीज देणार आणि वर बॅटरीही भरणार. बॅटरी काय, फक्त स्टार्टला, म्हणायचा. पहिल्या संध्याकाळी ते चाललं. दोन-तीन दिवसांत बसलं. मी त्याला समजावलं — समजावलं कसलं, वर्गातल्या ढ पोराला झापावं तसं झापलं, तेही वहिनींसमोर. तो त्या रात्री जेवला नाही. कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता.

मला ते बघवेना. — नाही, हेही खोटंच. मला त्याचा कंटाळा आला होता. घरातली ती अवकळा मला नको होती. म्हणून दादा सकाळी मंडईत गेला, की मी गुपचूप खाली जाऊन बॅटरीला चार्जर लावायला लागलो. भाजी घेऊन, ओळखीच्या गाळ्यांवर गप्पा हाणून तो परत येईपर्यंत बॅटरी बऱ्यापैकी भरायची. संध्याकाळी मशीन चालायचं. दादा माणसात आला. रोज दिवा-पंखा लावून बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा, काय मास्तर, अशा नजरेने.

वहिनींना कळलं होतं. चार्जर काखोटीला मारून जिना उतरताना त्यांनी मला एकदा पकडलं, हसल्या, आणि त्यानंतर रोज विचारायच्या, "भावजी, देवाला नैवेद्य दाखवलात का?"

पुढे वहिनींची फुप्फुसं गेली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, विजेवर चालणारं. लाइट गेले तर सोय हवी, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्याकडे चांगला इन्व्हर्टर होता. दादाने तो मेहुण्याला देऊन टाकला — आपलं मशीन असताना हे लोढणं कशाला? मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला काय लागलं असतं मला? मी वहिनींकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या, भावजी. तुम्ही आहात ना." त्यांचा भरवसा मशीनवर नव्हताच. माझ्यावर होता.

त्या वर्षी खंडेनवमीला दादाने पूर्वी हत्यारांची मांडायचा तशी मशीनची पूजा मांडली. हळद-कुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी तो मंडईत गेला नाही, दसऱ्यालाही नाही. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्याने मशीन चालवून दाखवलं. मला चार्जर लावायला सवडच मिळाली नाही. बॅटरी उतरत चाललीय हे कळत होतं का? मला नाही कळणार तर कुणाला? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला साताऱ्याला जायचं होतं. व्याख्यान होतं. विषय तोच. निघताना वहिनींनी नाकातली नळी सावरत नेहमीचं विचारलं. मी चपला घालत म्हणालो, "हो, दाखवला."

नाही म्हणालो असतो, तर त्यांनी शेजाऱ्यांना सांगून सिलिंडर तरी मागवला असता. पण नाही म्हटलं तर दादासमोर सगळं काढावं लागलं असतं, आणि माझी बस होती. एका दिवसात काय होतंय, असं वाटलं मला.

दुपारी पेठेतले लाइट गेले. मशीन थोडा वेळ चाललं आणि बसलं. दादा खाली ते चालू करत बसला — चालणारच, अशी त्याची खात्री होती ना. ती खात्री कुणी दिली होती? वर वहिनी एकट्या होत्या. त्या वेळी मी साताऱ्याला स्टेजवर उभा होतो आणि पोरं खिदळत होती.

वहिनी दवाखान्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

व्याख्यानं मी बंद केली. लोकांना वाटतं, दुःखामुळे. दादाने मशीन मोडलेलं नाही. माळ घालताना आपल्याच हातून पट्टा सैल झाला, असं त्याने ठरवून टाकलंय. दिसत तर नाही, म्हणून रोज खाली जाऊन पट्टा बोटांनी चाचपत बसतो. जेवायला हाक मारली की उठून येतो.

काल हातातला घास तसाच धरून त्याने विचारलं, "मीच सैल केला ना रे पट्टा?"

मी त्याला वरण वाढलं आणि म्हणालो, "हो दादा. पट्टाच."