मोलगीचा फोन शेवटच्या रांगेत

मी असलं काही लिहितेय हे वाचून माझे बाबाच आधी चिडतील. आमच्या रनाळ्याच्या बाजारात ते भानामती, अंगात येणं यांच्याविरुद्ध पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्याच पत्रकांवर गिरवली. चमत्कार म्हणजे थोतांड, आणि त्याआड कुणाची तरी सोय लपलेली असते — हे मी आजही मानते. म्हणून फक्त घडलं तेवढंच सांगते.

मी नंदुरबारला एका खासगी आरोग्य संस्थेत नेटवर्क सांभाळते. (नाव नको.) मोलगीला आमचं छोटं प्रसूती केंद्र आहे. तिथे मोबाईलला रेंज नाही. फोन, नोंदी, कॅमेरा, सगळं आमच्या स्वतःच्या टॉवरवरच्या एकाच अरुंद लिंकवरून येतं. अशा लिंकवर कुणाला आधी सोडायचं ते ठरवावं लागतं, त्यासाठी रांगा असतात. आवाज नेहमी पहिल्या रांगेत. फाइल अर्धं मिनिट उशिरा आली तरी ती फाइलच राहते. आवाज जरा अडखळला की माणूस काय म्हणतोय तेच कळत नाही.

त्या मंगळवारी सकाळी मॅनेजर म्हणाले, "दुपारी पाहुणे येतायत. मोलगीचं सेंटर मोठ्या स्क्रीनवर लाइव्ह दाखवायचंय. चित्र अडकता कामा नये."

"सर, मग फोन मागे जाईल."

"दोन तास जाऊ दे. कोण करतंय तिथून सारखे फोन?"

"बाळंतिणी वेळ विचारून येत नाहीत, सर."

"मॅडम, मोर्चा बाहेर काढा. इथे सेटिंग करा."

आणि मी केलं. बोलले खूप... पण केलं. कॅमेरा पहिल्या रांगेत, बाकी सगळं शेवटच्या. घाईत त्या 'बाकी सगळ्या'त मोलगीच्या राउटरमध्ये इथून शिरायची माझी स्वतःची वाटही गेली. दार लावून आपणच बाहेर राहायचं, ही आमच्या कामातली जुनी चूक.

तीन वाजायला आले होते. फोन घेणारे आमचे नाना ओरडले, "ताई, मोलगीना फोन शे! सिस्टर काय सांगी ऱ्हायनी, काहीच समजत नही!"

डॉक्टर मॅडम धावत आल्या. नानांनी फोन स्पीकरवर टाकला. "बाळ झालं... रक्त... थांबत... मॅडम..." मग नुसती शांतता.

मी कॉम्प्युटरवरून मोलगीचा राउटर उघडायला गेले. उघडेना. पुन्हा. उघडेना. "मी सकाळीच सांगितलं होतं सरांना, आवाज मागे टाकू नका—"

"तुन्हं भाषण मंग! पहिले आवाज आन!" नाना म्हणाले.

आता कॅमेराच बंद पाडायचा म्हणून मी शेजारच्या हॉलमध्ये पळाले. तिथे पाहुणे चहा पीत बसलेले. स्क्रीनच्या मशीनच्या वायरला हात घातला, तेवढ्यात मागून नानांचा आवाज — "लागना फोन! आवाज एकदम साफ शे!"

मी थांबले. उघड्या दारातून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. मॅडम विचारत होत्या, सिस्टर उत्तर देत होती, इतकं स्पष्ट की तिचा श्वाससुद्धा कळत होता. पोट कसं दाबायचं, कोणतं इंजेक्शन, किती... 

मग मी स्क्रीनकडे पाहिलं.

मोलगीचा हॉल. टेबल. टेबलावर केंद्रातला एकमेव फोन. रिसीव्हर जागेवर ठेवलेला. समोर कुणीच नाही.

चित्र गोठलं असेल? नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि मागे दोघी बोलत राहिल्या. अकरा मिनिटं.

रक्त थांबलं. जीपने बाईला अक्कलकुव्याला नेलं. ती वाचली, बाळही वाचलं.

संध्याकाळी मी सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, "मी तर लगेच ठेवला होता, ताई. काही ऐकूच येईना. आत पळाले."

"मग डॉक्टर मॅडमशी कोण बोललं?"

"मीच की. आत येत होता ना त्यांचा आवाज. शेजारी उभ्या असल्यासारखा."

"आतल्या खोलीत फोन नाहीये, सिस्टर."

"कुठून येतोय ते बघायला वेळ होता का मला?" ती चिडली. "दोन्ही हात रक्ताने भरलेले होते."

आमच्या नोंदीत तो कॉल पन्नास सेकंदांचा आहे. माझं सेटिंग शेवटपर्यंत तसंच होतं, कुणी हात लावलेला नव्हता. नंतर केंद्र रिकामं असताना मी तेच सेटिंग, तेवढाच भार ठेवून कितीदा तरी करून पाहिलं. आवाज दर वेळी तुटतो. आणि टेबलावरच्या फोनचा आवाज बंद दारापलीकडे जातच नाही.

मॅनेजर म्हणाले, "रिपोर्टमध्ये 'देवाची कृपा' लिहा आणि विषय संपवा." मी नाही लिहिलं. फोन कुणाच्या हुकमाने मागे गेला ते लिहिलं, आणि हुकूम पाळणारी मी, हेही लिहिलं. त्यावरून अजून भांडण चालू आहे. असल्या गोष्टीखाली आमची चूक झाकली जाणार असेल, तर मला ती गोष्टच नको.

पण ती घडली... मी तिथे उभी होते. झोप धड लागत नाही. ती बाई आमच्या नेटवर्कमुळे वाचली नाही, एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. कशामुळे वाचली, ते मला माहीत नाही.