शेवंताबाईचा रिकामा डबा

संस्थेच्या समन्वयक साहेबांनी शेवंताबाईला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं सोडा. मी भांडून खाणारी बाई आहे, मला कोणी बुडवलं तर मी बाजारात उभी राहून चार माणसं गोळा करते. शेवंताबाईला भांडता येत नव्हतं. साहेबांचं नाव इथे लिहीत नाही. वाचतील तर त्यांना कळेल कोणाबद्दल आहे ते.

दवनीवाड्यात राहिलेल्या माझ्या माणसांसाठी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारखं गाव सोडून गोंदियात आलेल्यांसाठीही. गावी आले की तुम्ही विचारता, सुलोचना आता गप्प काऊन बसते, आधी तर साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जायची. थकले आहे, म्हणून. कशाने थकले ते सांगायचं तर मी गाव सोडलं त्या सकाळपासून सांगावं लागेल.

धान कापून झाले होते. शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि कुठे कुठे तणसाचे ढीग उभे होते. नवऱ्याला गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर काम लागलं होतं. काळीपिवळी दारात उभी होती, आत माणसं कोंबलेली, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात माय हातात मोठा गंज घेऊन आली. जर्मलचं पातेलं, काठाला पोचा आलेलं, वर फडकं बांधलेलं, आत नवा तांदूळ. ड्रायव्हर म्हणाला, "ये बर्तन गोदी में पकड़ो बाई, इसकी सीट नहीं है." मी म्हटलं, मी दोन माणसांची जागा घेतली आहे, नवरा मांडीवर बसेल, गंज सीटवर बसेल. सगळी गाडी हसली. नवरा लाजून खाली बघत होता.

माय म्हणाली, "गाव सोडाच्या आधीच भांडून राहिली वं! गोंदियावाल्यायचं कसं होईल?" मग गाडीच्या खिडकीला हात लावून हळूच म्हणाली, "गंज परत पाठवजो. पण रिकामा नोको पाठवू. रिकामं भांडं आलं का मले वाटते, त्या घरी आता चूल नाही."

एवढंच म्हणाली. बाकी मुली सासरी किंवा शहरात जाताना मायबाप काय काय सांगतात. माझ्या मायने भांड्याचं सांगितलं.

गोंदियात मिलच्या मागे एक खोली मिळाली. कोंड्याची धूळ ताटात, केसांत, झोपेत. दिवसभर हिंदी. दवनीवाड्यात मी कोणाची लेक, कोणाची सून हे कुत्र्यांनाही माहीत होतं. इथे मी "ए बाई". पहिल्याच महिन्यात मी गंजात शेव आणि गोड बुंदी भरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती मायकडे पाठवला. मायने तो लाखोळीच्या डाळीने भरून परत पाठवला. असा तो गंज वर्षानुवर्षं एसटीने, काळीपिवळीने, कोणाच्या मोटारसायकलला बांधून येत-जात राहिला. पत्र कोणी लिहिलं नाही. गंज आला की कळायचं, सगळं ठीक आहे.

मिलच्या फाटकासमोर मी आलूपोहे विकायला लागले. मग हमालांचे डबे. मग ड्रायव्हर लोकांची मेस. भाजी मंडईत मी पोहोचले की व्यापारी एकमेकांना सांगत, "दवनीवाडेवाली आ गई, वांगे छुपाओ." एकदा एकाने मला सडके टमाटर वर चांगले लावून दिले, तर मी पूर्ण कॅरेट त्याच्याच गादीवर उलटं केलं. तो म्हणाला, "भाभी, सुबह सुबह?" मी म्हटलं, सडलेल्याला सकाळ-संध्याकाळ नसते. त्या दिवसापासून त्याने मला कधी सडका माल दिला नाही. सणाला घरी मिठाई पाठवतो.

शेवंताबाई आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. नवेगाव बांधची. नवरा तळ्यात मासे धरायचा. तो गेल्यावर ती गोंदियात आली, मिलमध्ये पोती शिवत बसली, आणि गुडघे गेल्यावर घरीच बसली. मिलमध्ये जाणाऱ्या बाया आपली पोरं तिच्याकडे सोडून जात. नाही तर ती पोरं मिलमध्येच पोत्यांवर झोपायची, कोंडा खात. विड्या वळणाऱ्या बायांचंही तसंच, तंबाखूच्या वासात पोर मांडीवर. शेवंताबाईच्या दोन खोल्यांत पोरं रांगायची, भांडायची, झोपायची. ती काही शिकलेली नव्हती. तिला पोर रडायच्या आधीच कळायचं, एवढंच.

मग ती संस्था आली. अशा घरी पोरं सांभाळणाऱ्या बायांना हाताशी धरायचं, त्यांना चटया, खेळणी, वजनकाटा द्यायचा, आणि रोज दुपारी पोरांसाठी गरम जेवण पोहोचवायचं. जेवण माझ्या स्वयंपाकघरातून जायचं ठरलं. साहेब बोलणी करायला आले तेव्हा माझं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं. भात गरमच जाईल, आणि पोरं सांभाळणाऱ्या बाईचंही एक ताट त्यात धरायचं. साहेब म्हणाले, कार्यक्रम मुलांचा आहे. मी म्हटलं, उपाशी बाईच्या मांडीवर पोर जेवत नाही, तुम्ही बसून बघा. चहा थंड झाला, दुसरा आला, तोही थंड झाला. शेवटी ते ताट मी मिळवलं. आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण त्या ताटासारखा सौदा नाही.

पहिल्या दिवशी ऑटोने सगळ्या घरी डबे गेले, संध्याकाळी परत आले. शेवंताबाईचा डबा उचलला तर जड. माझं डोकं सटकलं. तशीच तिच्या दारात गेले.

"काय वं शेवंताबाई, माझ्या भातात किडे पडले का? पोरायनं खाल्लं काऊन नाही?"

ती अंगणात पोरांचे लंगोट वाळत घालत होती. हसायला लागली. "बाप्पा, केवढी भांडखोर! उघडून तं पाह्य आधी."

उघडलं. आत सिंगाडे. उकडलेले, काळेभोर, अजून कोमट.

"भाऊ घेऊन आला होता बांधावरून," ती म्हणाली. "डबा का रिकामा देऊ? मी का मेली?"

मी तिथेच ओट्यावर बसले आणि सिंगाडा सोलला. माझीच माय माझ्यासमोर लंगोट वाळत घालत होती.

मग हे सगळ्या घरांत सुरू झालं. कोणी मूठभर मुरमुरे, कोणी दोन हिरव्या मिरच्या, कोणी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. कोणाच्या घरी पाहुणे आले की त्यांच्यासाठी केलेलं थोडं माझ्याकडे यायचं. शेवंताबाईच्या घरी काही नसलं की ती आपल्या ताटातला भात-वरणाचा एक घास डब्यात ठेवायची. पोरांचा नाही. आपल्या ताटातला, मी भांडून मिळवलेल्या ताटातला. मी तिला रागावले. ती म्हणाली, "मग का ठेवू? दगड?" संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या बाया डबे उघडायला जमायच्या, आज कोणाकडून काय आलं ते बघायला. मंडईत दिवसभर तोंड चालवून आले की तेवढ्या वेळात मला आपण दवनीवाड्यात बसलो आहोत असं वाटायचं. याच सुमारास माय गेली. त्या वेळी गंज माझ्याकडे होता. परत पाठवायची माझी पाळी होती आणि पाठवायला घर राहिलं नाही. तो फळीवर ठेवला. पण रोज संध्याकाळी डबे येत होते, म्हणून मला फारसं जाणवलं नाही.

एका संध्याकाळी साहेब आले. डबे उघडले जात होते. शेवंताबाईच्या डब्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या होत्या. मी बशीत घालून पुढे केल्या. त्यांनी एक खाल्ली. "हे तुम्ही बनवलं?"

"नाही साहेब. हे परत आलेल्या डब्यातलं आहे. शेवंताबाईने पाठवलं."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, हे सांगितलं. शेजारच्या डब्यात भात-वरण होतं, तेही दाखवलं. ज्या घरात काही नसतं, तिथली बाई आपल्या ताटातलं ठेवते, पोरांच्या नव्हे, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "वा! तुमच्या लोकांचं हेच मला फार आवडतं." आणि दुसरी वडी उचलली. मोबाईल काढून त्यांनी उघड्या डब्यांचे फोटो घेतले. मला वाटलं, कौतुक म्हणून घेत आहेत. मी एका बाईला बाजूला सरकायला सांगितलं, उजेड नीट पडावा म्हणून.

काही दिवसांनी बैठक झाली. मोठा हॉल, बाहेरून आलेली मोठी माणसं, पुढे पडदा. आम्हा बायांना मागच्या खुर्च्या. पडद्यावर माझ्याच स्वयंपाकघरातले डबे आले. भात-वरण असलेला डबा एवढा मोठा दिसत होता की शीत शीत मोजावं. साहेब म्हणाले, डबे अन्नासकट परत येत आहेत. मुलं जेवत नाहीत, किंवा त्यांना पूर्ण दिलं जात नाही. म्हणून यापुढे गरम जेवणाऐवजी तयार आहाराची पाकिटं द्यावीत. पाकिटांचे नमुने टेबलावर आधीच मांडलेले होते.

मी उठले. "साहेब, तुम्ही वड्या खाल्ल्या ना? शेवंताबाईच्या डब्यातल्या? तवा नाही म्हटलं का हे पोरांचं उरलेलं आहे म्हणून!"

हॉलमध्ये सगळे वळले. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं दुकानदार फाटकी नोट बघतो. "ताई, भावनिक होऊ नका. आपण इथे डेटावर बोलतोय."

मी अजून काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. मोठ्याने बोलले. मंडईत मोठ्याने बोललं की भाव खाली येतो. तिथे मोठ्याने बोलले तर सगळे पाण्याचे ग्लास उचलून पाणी प्यायला लागले. एका मॅडमने मला प्रेमाने बसायला सांगितलं. शेवंताबाई माझ्या शेजारी पदर ओढून बसली होती. तिला साहेबांच्या पुस्तकी मराठीतलं सगळंच कळलं होतं असं नाही, पण डबा कळला होता. परत येताना ऑटोत तिने विचारलं, "मी पोरायच्या तोंडातलं काढलं, असंच दाखवलं ना वं तिथं?"

मी ऑटोवाल्याला तिच्या दारापर्यंत गाडी न्यायला सांगितलं. 

पाकिटं आली. पाण्यात कालवायची गोड पूड. पोरं पहिल्या दिवशी चाटून बघायची, मग तोंड फिरवायची. मला पाकिटं वाटायचं काम देऊ केलं. खोटं कशाला बोलू, सवयीने मी दर विचारला. मग फोन ठेवून दिला. माझं अडलं नाही. मेस चालू आहे, ड्रायव्हर लोक जेवतात.

शेवंताबाईचं अडलं. बैठकीतली गोष्ट वस्तीत पोहोचायला वेळ लागला नाही, आणि तिथे नाव एकट्या शेवंताबाईचंच घेतलं गेलं होतं, माझ्याच तोंडून. नळावर एक बाई तिला तोंडावर म्हणाली, "आमच्या पोरांचा भात परत पाठवत होती म्हणे, पुण्य कमवायले!" ही तीच बाई, जिच्या पोराचा ताप शेवंताबाईने त्याला मांडीवर घेऊन काढला होता. एकेक पोर कमी झालं. काही पुन्हा मिलमध्ये पोत्यांवर गेली. जाता-येता मला दिसतात, केसांत कोंडा. मी त्यांच्या आयांशी भांडले, एकेकीला समजावलं. त्या म्हणतात, "साहेब लोक का खोटं बोलतात का बाई?"

शेवटी शेवंताबाई भावाकडे निघाली, नवेगाव बांधला. बस स्टँडवर मी सोडायला गेले. दोन बोचकी आणि हातात माझा डबा, गरम जेवणाच्या शेवटच्या दिवसापासून तिच्याकडे राहिलेला. बस लागली तेव्हा तिने तो माझ्या हातात दिला. हलका होता. झाकण उघडलं. घासून, पुसून, कोरडा.

"हे काय वं?" मी म्हटलं.

ती बसच्या पायरीवर चढून वळली. "आता भरून देलं तं पुन्हा कोणी फोटो काढन."

बस गेली. एक ऑटोवाला म्हणाला, "भाभी, चलना है क्या?" भाव न करता, तो म्हणाला तेवढ्या भाड्यावर बसले.

तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं, दवनीवाडा की गोंदिया. गाव सोडल्यापासून माझं घर त्या येत्या-जात्या भांड्यात होतं. मायचा गंज थांबला तरी ते मोडलं नव्हतं, कारण पलीकडच्या गल्लीत एक बाई डबा रिकामा देत नव्हती. ते तुम्ही मोडलं, साहेब. धान पडलं असतं, मिल बंद पडली असती, तर मी कोणाला जाब विचारला नसता. हे तुम्ही केलं आहे. माहीत असून केलं आहे.

मायचा गंज आणि शेवंताबाईचा डबा माझ्या फळीवर शेजारी शेजारी आहेत. मला माफी नको, पत्र नको, पुन्हा कामही नको. सकाळी आमच्या नळाला पाणी येतं, सगळ्या बाया तिथे असतात. तुम्ही या. हॉल नाही, पडदा नाही, उभ्यानेच बोलायचं आहे. शेवंताबाईला मी नवेगाव बांधहून घेऊन येते. तिच्यासमोर आणि त्या सगळ्या बायांसमोर सांगा, त्या संध्याकाळी तुम्ही कोणाच्या डब्यातलं खाल्लं, आणि खाताना मी तुम्हाला काय सांगितलं होतं.