धोंडप्पाची नाल आणि नागव्वाची ज्योत

आळंदच्या जत्रेत धोंडप्पाच्या टूरिंग टॉकीजचं मशीन नागव्वा चालवायची. पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण बाई सिनेमा दाखवते हे बघायलाच लोक जास्त गर्दी करत. खरा मशीनवाला तिचा नवरा तिप्पण्णा. दिव्याच्या झगझगाटानं त्याची नजर गेली. त्याला कांड्या बदलून देता देता शिकलेली नागव्वा बेधडक त्याच्या जागी उभी राहिली.

दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्यामधल्या फटीतून वीज धावली की तिथली हवाच पेटून पांढरीशुभ्र ज्योत व्हायची. पण मोठी नखरेल! जरा वाकली की स्वतःच्याच जोरानं आणखी वाकायची, लांबायची, चरचरायची आणि तुटायची. मग पडदा काळा.

यंदाच्या जत्रेत पहिल्याच खेळाला ज्योत सारखी तुटली. लोकांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेतला. धोंडप्पा भडकला. "उद्या असंच झालं तर सोलापूरहून माणूस आणतो. बाईमाणसाचं काम न्हाई हे!"

नागव्वाला रडू आलं नाही, राग आला. सकाळी रिकाम्या तंबूत तिनं दिवा लावला आणि काळ्या काचेतून बघत राहिली. वारा नव्हता, तरी ज्योत दर वेळी एकाच बाजूला झुकत होती. त्याच बाजूला, दिव्याच्या पेटीवर, धोंडप्पानं दृष्ट लागू नये म्हणून परवा भंगारातून आणलेली नाल कुंकू लावून टांगली होती. नागव्वानं पेचकस जवळ नेला, तर तो खाडकन चिकटला. घोड्याची नाल कसली, जुन्या इंजिनातलं लोहचुंबक होतं ते, आणि तेच ज्योतीला ओढत होतं!

फेकून द्यावं तर धोंडप्पा अपशकून म्हणून थयथयाट करणार. तिनं ते पेटीच्या मागं धरलं, फिरवलं, उलटं केलं. एका जागी ज्योत वाकायची थांबली आणि कधी नव्हे इतकी ताठ उभी राहिली. नागव्वानं चुंबक तिथंच तारेनं बांधून टाकलं.

"नागव्वा, नाल कामून हलवलीस?" संध्याकाळी धोंडप्पानं विचारलं.

"नाल तुमची, अण्णा. कुठं टांगायची ते मशीनवाली ठरविणार."

खेळ रंगला. पडदा उजळ तो उजळच राहिला. सोलापूरचं नाव धोंडप्पानं पुन्हा काढलं नाही. मशीनमागं बसलेला तिप्पण्णा मात्र दचकून उठला. इतक्या वर्षांची ओळखीची चरचर त्याला ऐकू येईना.

"नागव्वा, दिवा गेला का गं?"

"न्हाई हो. उभा हाय."

तो कान देऊन थोडा वेळ ऐकत राहिला.

"माझ्या हातनं असा गप कधी राहिला न्हाई," तिप्पण्णा म्हणाला आणि निवांत खाली बसला.